न विकलेल्या काजूंची तक्रार

१

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी लाटंबार्सेतल्या देवकी गांवसने चुलीवर चहा ठेवला, फोन हातात घेतला, आणि चहा उतू जाऊन चूल विझली तरी तिला पत्ता लागला नाही. तिच्या ऑनलाइन दुकानाला सहाव्या गिऱ्हाइकाने पाचातला एकच तारा दिला होता.

दुकान म्हणजे फळ्या-कुलपाचं दुकान नव्हे. घरामागच्या पडवीत काजू वाफवायची टाकी, बिया कापायची दोन मशीनं, कामाला सहा बायका आणि फोनमध्ये ‘गौरवी काजू’ नावाचं एक पान, एवढाच पसारा. पुण्या-नाशकाची माणसं त्या पानावर बोट टेकवून ऑर्डर देत आणि कुरियरवाला पाकिटं घेऊन जाई. ज्या कंपनीच्या बाजारात हे पान होतं तिने देवकीला कधी पाहिलं नव्हतं, देवकीनेही कंपनीला पाहिलं नव्हतं. तरी चार वर्षं दोघींचा संसार सुरळीत चालला होता.

नाव मुलीचं. गौरवी पुण्याला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती, शेवटच्या वर्षाला. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, आली होती तेव्हा परत जाताना देवकीने तिची बॅग अशी ठासून भरली होती, की बसचा कंडक्टर म्हणाला, या बॅगेचं वेगळं तिकीट काढा. पुढच्या एप्रिलात गौरवी परीक्षा देऊन घरी येणार आणि दुकान हातात घेणार, हे देवकीने ठरवून टाकलं होतं, गावभर सांगूनही टाकलं होतं. नवरा गेला त्या वर्षापासून ती जगत होती ती त्या एप्रिलासाठी.

आणि आता सहा तक्रारी. सहाही जुलैपासूनच्या, सगळ्यांबरोबर फोटो. ‘काजूंत अळ्या आहेत.’ ‘खवट वास येतो. पॅकिंग मात्र मेहनतीने केलेलं दिसतं.’ आज आलेल्या सहाव्या तक्रारीत लिहिलं होतं, ‘माझ्याही पाकिटात अळ्या. विक्रेत्या बाईंनी आता हे काम थांबवून विश्रांती घ्यावी.’

देवकीने हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पाठ केलेलं सांगितलं. सहाही ग्राहक खरे आहेत, सहा वेगवेगळ्या गावांतले आहेत, त्यांनी खरीच खरेदी केली आहे. दुकानाचे तारे तीनच्या खाली गेले आहेत. फोटोतला माल आपला नाही हे सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत सिद्ध करा, नाहीतर दुकान बंद. सिद्ध केलंत तर लिहिणाऱ्यांवर कंपनी पोलिसांत तक्रार करील.

“करा!” देवकी ओरडली. “सगळ्यांक आत घाला!”

आठ वाजता हौसा आली. ती मूळची बेळगावकडची. नवरा बांधकामावर गवंडी, भाड्याच्या खोलीत चार माणसं. तिने देवकीचा चेहरा पाहिला आणि पदर खोचायचा हात तिथेच थांबला.

“बाई, काम हाय न्हवं?”

“सोमवारपर्यंत आसा,” देवकी म्हणाली.

२

करणारा कोण, हे देवकीला माहीत होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. धारगळला हमरस्त्यावर काजूचं दुकान लावून बसलेला राजेश, तिच्या नणंदेचा, अर्चनाचा नवरा. देवकी ऑनलाइन विकायला लागल्यापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. पण वाटणं आणि सिद्ध करणं यांत फरक असतो. म्हणून ती मालतीमावशीकडे गेली.

मालतीमावशीने डिचोलीकडच्या एका काजू कारखान्यात एकतीस वर्षं गर निवडले होते. लांब टेबल, समोर ढीग, आणि एका नजरेत पांढरा, पिवळा, फुटका, किडका वेगळा. निवृत्त झाली तरी सवय सुटली नव्हती. लग्नात जेवायला बसली तरी पुलावातला काजू आधी उलटून बघायची. माणसांवर तिचा फारसा विश्वास नव्हता, गरांवर पूर्ण होता.

“फोटो दाखय,” ती म्हणाली. “रडणा मगे.”

तिने चष्मा कपाळावर नेला, फोन नाकाला लावला आणि एकेक फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. देवकीला बसवेना.

“ह्या सगळ्यांनी पैसे परत मागले?” मावशीने मान वर न करता विचारलं.

“नाय. एकान सुद्धा नाय.”

“किडके काजू मिळाले आणि पैसे मागूक नाय? असले दानशूर खयसून इले?” मावशी पुढच्या फोटोकडे गेली. “आणि तुका शिवी खय दिल्ली?”

“एक तारो दिलो तो काय कमी?”

“तसा न्हय गो. दुस्मान लिहिता, हिच्याकडसून घेव नका, फसयता. हे लिहितत, मेहनत दिसता. बाईन विश्रांती घेवची. दुकान मरूचा पण तुका लागाचा नाय, असो कोण दुस्मान तुझो?”

राजेश तिच्या विश्रांतीची काळजी करणाऱ्यांतला नक्कीच नव्हता.

मग मावशीने सहावा फोटो तिच्यापुढे धरला. “तू अळयो बघितलंस. गर बघूक नाय. बघ. हय, टोकार.”

गराच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. शेजारच्यावर होता, त्याच्या शेजारच्यावरही. सहाही फोटोंत तोच.

“करपल्लो,” देवकी पुटपुटली.

“तू बी काय करतंस? वाफयतंस आणि मशीनार कापतंस. वाफेन गर करपता?” मावशीने फोन टेबलावर ठेवला. “ही बी खापरात घालून उघड्या जाळार भाजल्ली आणि दगडान फोडल्ली. देवकी, हे काजू तू विकूकच नाय.”

वर्षातून एकदाच तिच्या अंगणात खापर चुलीवर चढत असे.

३

गांवसांच्या घरची रीत होती. हंगामाची पहिली टोपलीभर बी मशीनला दाखवायची नाही. ती अंगणातल्या काजूच्या झाडाखाली, मातीच्या खापरात, उघड्या जाळावर भाजायची. त्या काजूंना नव्याचे काजू म्हणायचे. त्यांतले आधी देवाला, मग आपल्या माणसांना. विकायचे म्हणून एक गर नाही. देवकी पत्र्याच्या डब्यांत ते भरायची, वर पांढरं फडकं बांधून दोऱ्याला सात गाठी मारायची. या मार्चलाही तिने तेच केलं होतं.

“कोणाकोणाक दिलंस?” मावशीने विचारलं.

“देवळात. धारगळाक अर्चनाक. आणि हळर्णाक माझ्या भावाक, बाबलीदादाक.”

“बस?”

“बस.”

देवळातले काजू त्याच दिवशी प्रसाद म्हणून मूठमूठ वाटले गेले होते. ते खाताना देवकी स्वतः हजर होती. उरली दोन घरं. म्हणजे फोटो काढणारा, किंवा फोटोसाठी काजू पुरवणारा, त्या दोन घरांतला. परका कोणी नाहीच. देवकीला ते लागलं, पण त्यात थोडं समाधानही होतं. राजेशच!

रविवारी सकाळी तिने मावशीला स्कूटरच्या मागे बसवलं आणि धारगळ गाठलं. राजेश दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. देवकीला पाहून तो उठला नाही.

“तुझो डाव कळलो माका,” देवकीने स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच तोंड सोडलं. “नव्याचे काजू सडवून फोटो काढतंस? देवाचा भय नाय?”

“कसलो डाव?” राजेश चकित झाला आणि मग भडकला. “तुझ्या त्या फोनातल्या दुकानापायी माझी अर्धी गिऱ्हायकां गेली, ता मी तोंडार सांगतंय. लपान कित्याक करू?”

आवाज ऐकून अर्चना बाहेर आली. मावशीने दोघांनाही हाताने गप्प केलं आणि शांतपणे विचारलं, “गो अर्चना, वयनीन दिल्लो डबो खय आसा?”

अर्चनाचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि डबा घेऊन आली. पांढरं फडकं, दोरा, सात गाठी. देवकीने गाठींवरून बोट फिरवलं. तिच्याच हातच्या होत्या त्या, एकही सुटली नव्हती.

“रागाव नको, वयनी,” अर्चना म्हणाली. “सासू जावन वर्स होवूक नाय अजून. वर्सश्राद्ध होयसर आमच्यात नव्याचा काय तोंडात घालनत नाय. परत दिला तर तुका वायट दिसतला म्हणान ठेवलंय.”

राजेशने खुर्ची उचलून देवकीसमोर ठेवली, बसायला. देवकीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. चार वर्षं ती ज्याला शत्रू समजत होती त्याच्या पायरीवर ती आज जणू उगाचच थुंकली होती.

मग उरलं एकच घर. आणि ते तिचं माहेर होतं.

४

देवकीने स्कूटर हळर्णच्या वाटेला लावली. बाबलीने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. नवरा गेला तेव्हा पडवी बांधायला तोच आला होता, चिरे स्वतः लावले होते त्याने. तो असेल तर दुकान राहून तरी काय करायचं, असं तिच्या मनात आलं.

बाबलीने त्यांना जनेलाशी, खिडकीतल्या वाऱ्याला, बसवलं, भावजयीने, लक्ष्मीने, पाणी आणलं. मावशीने आडवळण घेतलं नाही. डब्याचं काय झालं, ते सांगा.

“काय होतला?” लक्ष्मी हसली. “इलो त्याच दिसा मी साली काढलंय, मिठाच्या पाण्यात घोळलंय आणि तव्यार परतलंय. आमच्याकडे तसेच खातत. आठ दिसांत डबो रिकामो. डब्यात आता हळद आसा, बघ.”

मावशीने डबा उघडून पाहिला. हळदच होती. मग तिने फोन काढला आणि फोटो पुन्हा ताणला. प्रत्येक गरावर तपकिरी साल शाबूत. मिठाचा कण नाही.

“बाबली न्हय,” ती म्हणाली.

देवकीला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. देऊळ नाही, अर्चना नाही, दादा नाही. मग ते काजू आकाशातून पडले का?

“काय झाला गो?” बाबली घाबरून विचारत होता. “चोरी झाली?”

मावशी देवकीकडे बघत होती, कारखान्यातल्या टेबलावरच्या ढिगाकडे बघावं तशी.

“देवकी, ह्या वर्सा खापरातले काजू किती डब्यांत भरलंस?”

“देवळाचो एक, धारगळचो एक, हळर्णचो एक…” देवकीने बोटं मुडपली आणि चौथं बोट मुडपताना थांबली. “चार डबे हाडल्लंय बाजारातसून.”

“चौथो?”

“तो दिल्लो न्हय. तो घरचोच.”

“घरात आसा?”

“घरात नाय. घरच्या माणसाकडे आसा.” तिचा आवाज बारीक झाला. “पोटच्या पोरीक दिल्ला कोण मोजता, मावशी?”

गोष्ट पोरीवर आली एवढं बाबलीला समजलं आणि तो उठून बाहेर गेला.

५

मावशीने बाकीचं परतीच्या वाटेवर, एका आंब्याखाली स्कूटर थांबवून सांगितलं. हळू सांगितलं, पण गाळलं काही नाही.

सहा ऑर्डरी सहा गावांतल्या. सहा गावांतल्या पोरी एकत्र कुठे राहतात? हॉस्टेलवर. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, कारण घरी गेलेली पाकिटं चांगलीच होती, घरच्यांनी ती खाल्ली. फोटो दुसऱ्याच काजूंचे. आणि विश्रांती घ्यावी असं लिहिणारं माणूस देवकीचा जीव ओळखणारं. “माका काल रातीच संशय इल्लो,” मावशी म्हणाली. “पण तू तीनच ठिकाणां सांगितलंस. माका वाटला, बरा झाला, माझा चुकला.”

देवकीने तिथेच फोन लावला.

“गौरवी, नव्याचो डबो खय आसा?”

“संपला गो कधीच.”

“कसे होते काजू?”

“मस्त होते.”

“अळयांसकट खाल्लंस?”

पलीकडून हुंदका आला. देवकी वाट बघत राहिली. आपण चुकतोय असं मुलीने म्हणावं, भांडावं, आईवर आळ घेतेस म्हणून फोन आपटावा, एवढंच तिला हवं होतं. गौरवीने फोन आपटला नाही.

“मी तीन महिने उघडूकच नाय तो डबो,” ती म्हणाली. “जून सरताना उघडलंय, तेव्हा अळयो झालेल्यो. तेव्हाच सुचला. पोरींका मीच सांगितलंय, लिहिलंय पण मीच.”

“कित्याक?”

“माका फुडे शिकूचा आसा, आई. एम.एस्सी. करूची आसा. मी तुका तीनदा सांगितलंय.”

“माका कधी सांगितलंस?”

“शिगम्याक सांगितलंय. तू म्हटलंस, पाच हजार लेबलां छापून घेतलीत तुझ्या नावाची, आता काय नाव बदलू?” गौरवी रडत होती, पण शब्द नीट येत होते, बरेच दिवस मनात घोळवलेले असावेत. “माका वाटला, तारे कमी झाले की तू कंटाळशी. थोडा थोडा कमी करशी. दुकानच बंद करतले असा माका वाटूक नाय. खरांच नाय.”

देवकीला आठवलं. शिगम्याच्या दिवशी ती पाकिटांवर लेबलं चिकटवत होती आणि मुलगी शेजारी बसून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते तिने ऐकलं नव्हतं. लेबल वाकडं लागू नये याकडे तिचं लक्ष होतं.

“मी येव घरा?” गौरवीने विचारलं. “आज रातच्या बसीन निघतंय. कंपनीक सांगूया, मीच केलंय म्हणान.”

“येव नको.”

“रागान म्हणतंस?”

देवकीने फोन बंद केला.

सोमवारी दुपारी ती कंपनीचा फॉर्म उघडून बसली. पुरावा तयार होता. मावशीने एक बी खापरात भाजून, तो डागाचा गर आणि मशीनचा गर शेजारी ठेवून फोटो काढून दिला होता, आंधळ्यालाही फरक कळला असता. फोटोतला माल आपला विकलेला नाही, हे एका मिनिटात सिद्ध होत होतं. दुकान वाचत होतं. फक्त शेवटी एक चौकोन होता, त्यावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. ‘हे अभिप्राय लिहिणाऱ्यांवर कंपनीने पोलीस कारवाई करावी, यास माझी संमती आहे.’

“सहा पोरी,” मावशी म्हणाली. “आणि सातवी तुझी.” तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. “एकतीस वर्सां माझ्या डोळ्यांक सगळ्यांनी नावाजला. काल आंधळी आसतंय तर बरा झाला असता.”

देवकीने बोट चौकोनावर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. पडवीतून मशीनचा खटखट आवाज येत होता. सहा बायका तिथे बसल्या होत्या, आणि आत ती एकटी त्यांच्या पोटावर पाय द्यायचा की पोरीच्या, ते ठरवत होती. तिसरी वाट तिला सापडली नाही. कितीही शोधली तरी सापडली नाही. ज्या पोरीसाठी हे सगळं मांडलं होतं तिला यातलं काहीच नको होतं, मग ही चार वर्षं आपण कोणासाठी उपसली?

पाच वाजून दोन मिनिटांनी फोनमधलं पान कोरं झालं.

ती पडवीत आली. मशीनं थांबली. तिने सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं. पाच बायका मुकाट्याने उठल्या, हात धुऊन निघून गेल्या. हौसा तेवढी मागे राहिली. स्वतःची मजुरी गेली होती, तरी ती देवकीच्या जवळ आली आणि तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली.

“घावला न्हाई व्हय बाई, कोण त्यो?”

“सापडूक नाय,” देवकी म्हणाली.

हौसाचे डोळे भरून आले. बाईवर तिचा जीव होता. तिने पडवीबाहेर येऊन मावळतीकडे हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, “ज्यानं हे केलं, त्याच्या आयला जन्मभर रडाय लागू दे!”

देवकीने तिला थांबवलं नाही. ती खाली वाकली आणि मशीनवर गोणपाट घालू लागली.